शिशाचा घट आणि हिमाची रात्र

श्रोतेहो, पुण्यासारख्या शहरात बसून हिमातल्या मोटारीच्या विद्युत्-घटाची निगा कशी राखावी यावर बोलणे म्हणजे देशावरच्या माणसाने कोकणातल्या तांडेलाला वल्हे मारावयास शिकविण्यासारखे आहे, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटेल. आक्षेप अगदीच गैरलागू नाही. पुण्याच्या वेधशाळेत नोंदलेला थंडीचा नीचांक १७ जानेवारी १९३५ या दिवसाचा आहे, आणि तोही १.७ अंश सेल्सिअस. म्हणजे पाणी गोठावयास पावणेदोन अंश कमीच पडले. माझे वडील त्या वेळी दहा वर्षांचे होते. हिंदुस्थानच्या हवामानखात्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास १९२८ मध्ये आली, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अद्यापि ‘शिमला ऑफिस’च म्हणतात. ‘कचेरी आणली ती आणली, वर थंडीही बरोबर घेऊन आले,’ असा विनोद १९३५ च्या त्या पहाटेविषयी आमच्या वाड्यात कित्येक वर्षे चालत असे.

आपल्या प्रांतात खरे हिम पाहावयाचे तर महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी जावे. एखाद्या जानेवारीत तेथे पहाटे दव गोठते आणि गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारींच्या टपांवर मिठासारखा पांढरा थर दिसतो. सूर्य वर आला की खेळ संपला. तेवढ्याने कोणाची मोटार अडून राहत नाही, आणि राहिलीच तर चार माणसे धक्का मारावयास मिळतात.

तरीही मी हा विषय निवडला आहे, आणि त्याचे कारण एक जुनी चूक आहे. ती माझी स्वतःची आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी या घटाची जन्मकथा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. नाहीतर चूक कोठे झाली हे ध्यानात यावयाचे नाही.

विद्युत्-घटाचा मूळपुरुष म्हणजे इटलीचा व्होल्टा. त्याने १८०० साली धातूंच्या चकत्या एकावर एक रचून अखंड विद्युत्प्रवाह मिळविला. परंतु त्याचा घट एकदा संपला की संपला. रिकामा झाल्यावर पुन्हा भरता येईल असा घट १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने केला. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापडाचा पडदा, त्यांची एकत्र गुंडाळी, आणि ती पाणी घातलेल्या गंधकाम्लात बुडविलेली, एवढीच सामग्री. पुढे १८८१ च्या सुमारास कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची युक्ती काढली, आणि घट कारखान्यात मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. दीडशेंहून अधिक वर्षे लोटली, जगात काय काय उलथापालथ झाली. परंतु आपल्या दारातल्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या झाकणाखाली आजही प्लांतेच्याच घटाचा वंशज बसलेला आहे. इतक्या स्थिर कुळाचे यंत्र मला तरी दुसरे चटकन आठवत नाही.

मोटारीत मात्र हा घट प्रथम केवळ दिव्यांपुरता व ठिणगीपुरता होता. इंजिन चालू करावयाचे ते हाताने, लोखंडी हँडल फिरवून. हँडल उलटे बसले तर मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची विजेवर इंजिन फिरविण्याची योजना आली, आणि मनुष्याचा हात सुटला. आमच्याकडे ज्याला ड्रायव्हर लोक ‘सेल्फ’ म्हणतात तो हाच. मात्र या सुखाची किंमत घटाने भरली. दिवे लावण्यास थोडका प्रवाह पुरतो. थंडगार इंजिन गरकन फिरविण्यास काही क्षण शेकडो अँपिअरचा ओघ लागतो. घरातल्या म्हाताऱ्याला देवळापर्यंत चालण्याची सवय असावी आणि त्याला एकदम पर्वतीच्या पायऱ्या धावत चढावयास सांगावे, तशातला प्रकार. आमच्या तरुणपणीच्या अँबॅसडर गाड्यांत सेल्फ असूनही हँडल बाळगलेले असे. जुन्या माणसांचा नव्या सोयीवर पुरता विश्वास बसलेला नव्हता हे बरेच होते.

आता माझी चूक. १९९१ सालची गोष्ट. मी नवव्या इयत्तेस विज्ञान शिकवीत होतो. आमच्या शाळेतला एक जुना शिशाचा घट टेबलावर ठेवून मी मुलांस त्याचे कार्य समजावीत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, हिमालयात यातले पाणी गोठत नाही काय?’ प्रश्न उत्तम होता. पण घंटा होण्यास दोनच मिनिटे राहिली होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, यात निव्वळ पाणी नाही, आम्ल आहे, आणि आम्ल घातलेले पाणी हिमालयातसुद्धा गोठत नाही. मुलाने वहीत लिहून घेतले. मी खडू पुसून वर्गाबाहेर पडलो.

तो मुलगा पुढे सैन्यात मोटारचालक झाला. दहा-अकरा वर्षांनी, एका फेब्रुवारी महिन्यात, लडाखमधून त्याचे पत्र आले. आरंभी रीतीप्रमाणे ‘गुरुवर्यांस सा. न. वि. वि.’ आणि लगेच पुढे: ‘आपण वर्गात सांगितले होते की बॅटरीतले ॲसिड गोठत नाही. येथे ते गोठले, आणि बॅटरी फुटली.’ हकीकत अशी की, रात्री एका जवानाच्या छातीत पाणी झाल्याची लक्षणे दिसू लागली. उंचावरच्या विरळ हवेत हा विकार फार घातक. रुग्णाला प्राणवायू देणे आणि तातडीने खाली उतरविणे हाच मोठा उपाय. गाडी याच्या ताब्यातली. याने किल्ली फिरविली तो आवाजसुद्धा नाही. झाकण उघडून पाहतो तर घटाची बाजू तडकलेली आणि आत बर्फ. अखेर दुसऱ्या तळावरची गाडी आणवून रुग्णाला नेले. तीन तास गेले. जवान वाचला, पण ते तीन तास कसे गेले हे त्याने मला चार ओळींतच लिहिले होते आणि मी ते येथे वाचून दाखविणार नाही.

पत्रात त्याने आपलाही दोष प्रांजलपणे कबूल केला होता. आधीचे चार दिवस गाडी उभीच होती आणि हा रोज रात्री चालकाच्या खोक्यात बसून दिवा लावून घरची पत्रे वाचीत असे. तेवढ्याने घट निम्म्याहून अधिक उतरला होता. ‘परंतु,’ त्याने लिहिले होते, ‘उतरली तरी ॲसिड ते ॲसिडच, असे मी धरून चाललो.’ हे शेवटचे वाक्य माझ्या खात्यावर होते.

मी त्या रात्री पुस्तके काढून बसलो. जे मी नववीला सांगितले ते असत्य नव्हते, अर्धसत्य होते. आणि शिक्षकाच्या तोंडचे अर्धसत्य असत्यापेक्षा फार दिवस टिकते. गंमत अशी की, पूर्ण सत्य माझ्याच फळ्यावर लिहिलेले होते. घट वीज देऊ लागला म्हणजे दोन्ही पत्र्यांवरचे शिसे आम्लातला गंधकांश ओढून घेते आणि मागे पाणी सोडते. घट जसजसा उतरत जातो तसतसे त्यातले आम्ल कमी होते व पाणी वाढत जाते. म्हणजे भरलेला घट आणि उतरलेला घट यांत एकच द्रव नसतो! समीकरण मी शिकविले होते. त्याचा हिमालयाशी संबंध जोडण्याचे मात्र सुचले नव्हते.

आकडे ऐकावेत. पुरता भरलेल्या घटातल्या द्रवाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६५ असते, आणि असा द्रव उणे ५७ अंशांच्या आसपास गोठतो. एवढी थंडी आपल्या जवानांस सहसा भेटत नाही. गुरुत्व १.२२५ वर आले की गोठणबिंदू उणे ३७. घट बराच उतरून ते १.१५५ झाले की उणे १६ च्या जवळपास. आणि जवळजवळ रिकाम्या घटात, म्हणजे १.१२ वर, अवघे उणे १०. लडाखात हिवाळ्याच्या रात्री उणे १० म्हणजे सौम्य हवा समजतात. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा घेतो हे सर्वांस ठाऊक आहे; घटात तो पत्रे वाकवितो, पडदे फाडतो आणि पेटी तडकवितो. माझ्या विद्यार्थ्याचा घट थंडीने फुटला असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. त्याला आधी भूक लागली होती, मग थंडीने गाठले.

गोठला नाही तरी घट थंडीत अशक्त होतोच. आतली रासायनिक क्रिया मंदावते. सव्वीस-सत्तावीस अंशांवर तो जेवढा जोर देईल त्याचा सुमारे पासष्ट टक्के शून्य अंशावर मिळतो, आणि उणे अठरावर अवघा चाळीस टक्क्यांच्या घरात. त्याच वेळी इंजिनातले वंगण काकवीसारखे दाटते, आणि त्याला फिरविण्यास उणे अठरावर नेहमीच्या अडीचपट जोर लागतो. मिळकत चाळीस, खर्च अडीचशे. असा संसार कोणत्या गृहस्थाने चालवावा?

या हिशेबाने मोठमोठ्या सेनांनाही जेरीस आणलेले आहे. १९४१ च्या डिसेंबरात जर्मन फौजा मॉस्कोच्या दाराशी पोचल्या आणि पारा उणे तिसाच्याही खाली गेला. रणगाडे आणि लॉऱ्या जागच्या जागी थिजल्या. सैनिक इंजिनाच्या पोटाखाली विस्तव पेटवून ते ऊन करीत. किंवा इंधन अपुरे असतानाही रात्रभर थोड्या थोड्या वेळाने इंजिन फिरते ठेवीत. रशियनांच्या टी-३४ रणगाड्यात विजेच्या सेल्फखेरीज दाबलेल्या हवेची नळकांडी बसविलेली होती. घटाने दगा दिला तर हवेच्या जोराने इंजिन फिरवावयाचे. शिवाय वंगणात थोडे पेट्रोल मिसळून ते पातळ करण्याची युक्तीही त्यांच्याकडे होती. केवळ थंडीने जर्मनांचा पराभव केला असे म्हणणारे इतिहासकार मला पटत नाहीत. थंडी दोन्ही बाजूंस सारखीच होती. फरक होता तो तिची अपेक्षा कोणी केली होती, याचा.

आपल्या सैन्यास ही विद्या शिकणे १९४८ पासून भाग पडले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला जनरल थिमय्यांच्या नेतृत्वाखाली सातव्या घोडदळाचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांहून उंच अशा जोजिला खिंडीत चढले. बुरूज उतरवून, झाकूनपाकून ते बालतालपर्यंत गुप्तपणे आणले होते, आणि मद्रास सॅपर्सनी त्यांच्यासाठी खिंडीतली वाट रुंद केली होती. पुढे १९६२ च्या ऑक्टोबरात विसाव्या लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे विमानांतून चुशूलला उतरविले. ते ठिकाण तर चौदा हजार फुटांच्या वर. आणि १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचिनवर आपली ठाणी बसल्यापासून हिमातली यंत्रे सांभाळणे हे मोहिमेपुरते काम राहिले नाही, बारमाही चाकरी झाली. या चाकरीत साताऱ्या-सांगलीकडची, कोल्हापूरकडची, आणि आपल्या पुण्याच्या पेठांतलीही मुले आहेत. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या मैदानावर घाम गाळलेला मनुष्य सहा महिन्यांनी हिमात उभा असतो. चिंचवडला १९६९ पासून मोटारींचे घट बनविण्याचा मोठा कारखाना आहे. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली मोटारसंशोधनाची संस्था आहे. हिम न पाहिलेल्या शहराचा हिमाशी हा असा संबंध आहे.

आता निगेचे बोलू. माझ्या विद्यार्थ्याने पुढच्या सुटीत घरी येऊन मला जे सांगितले त्यात पुस्तकाहून जास्त मर्म होते. त्याच्या मते पहिली गोष्ट एकच: संध्याकाळी गाडी उभी करताना घट भरलेला हवा. सकाळची चिंता संध्याकाळी करावयाची. काचेच्या नळीतल्या तरंगत्या मापकाने, म्हणजे हायड्रोमीटरने, गुरुत्व पाहावयाचे. सहाही खणांत ते सारखे आले पाहिजे. एक खण मागे पडला असेल तर तोच पहाटे घात करतो. जेथे थंडी फारच असेल तेथे घट उतरवून घेऊन जवानांच्या निवाऱ्यात, विस्तवापासून बेताच्या अंतरावर ठेवावयाचा. ‘आम्ही त्याला पाव्हणा म्हणतो,’ तो म्हणाला. ‘रात्री पाव्हण्याला आत घ्यायचा, पहाटे बाहेर पाठवायचा.’

पाणी घालण्याविषयी त्याने सांगितलेली गोष्ट मला अगदी नवी होती. आपण पुण्यात घटात डिस्टिल्ड पाणी केव्हाही घालतो. हिमप्रदेशात ते गाडी चालविण्याच्या आधीच घालावे. गाडी उभी करताना कधीही घालू नये. कारण नुसते ओतलेले पाणी आम्लाहून हलके असल्याने वरच तरंगते, आणि मिसळण्यापूर्वीच रात्रीत गोठते. घट भरला जात असताना आत उठणारे बुडबुडे त्याला ढवळतात, मग भीती नाही.

जोडाच्या टोकांवर साचलेली हिरवी-पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी व वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. हे आपले गॅरेजवालेही सांगतात, पण ऐकतो कोण? उन्हाळ्यात सैल जोड खपून जातो. थंडीत, जेव्हा अँपिअरचा कण न् कण मोलाचा, तेव्हा तेथेच वीज अडते. सेल्फ मारताना क्लच दाबून धरावा, म्हणजे गिअरपेटीतल्या दाट तेलाचे ओझे इंजिनावर पडत नाही. पाच-सात सेकंदांहून अधिक वेळ सेल्फ दाबून धरू नये. सोडावा, घटास दम खाऊ द्यावा, पुन्हा मारावा.

आणि एक गोष्ट मात्र निक्षून. गोठलेल्या घटास वीज देऊ नये. भरावयाचीही नाही आणि दुसऱ्या गाडीची तार जोडूनही नाही. आत बर्फाने मार्ग बुजलेले असतात, वायू साठतो, आणि घट फुटून आम्ल तोंडावर उडते. त्याला उबदार खोलीत आपोआप विरघळू द्यावे. उकळते पाणी ओतण्याचा मोह होतो, त्याने पेटी तडकते. विरघळल्यावर पेटी फुटलेली दिसली तर घटाची आशा सोडावी.

घट जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवण्याची आपल्याकडची रीत पुष्कळांना ठाऊक असेल. तिचा उगम जुन्या काळचा आहे. तेव्हा पेट्या लाकडाच्या, पुढे कडक रबराच्या असत, आणि ओल धरली की वीज झिरपून जाई. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीचे भय नाही. पण जाऊ द्या. फळीने काही बिघडत नाही.

येथे पुणेकर श्रोता विचारील, आम्हांस यातले काय? माझे उत्तर असे की, आमच्या घटाचा वैरी हिवाळा नसून उन्हाळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा घटातले पाणी आटते, शिशाच्या जाळ्या झिजतात, वय भराभर वाढते. पण उन्हाळ्यात इंजिन हलके फिरते, म्हणून दुखणे कळत नाही. डिसेंबरच्या एखाद्या पहाटे, पारा दहाच्या खाली गेला की, सेल्फ कण्हतो आणि मालक थंडीला शिव्या देतो. पाप वैशाखातले, प्रायश्चित्त मार्गशीर्षात. त्यातून शहरातल्या फेऱ्या आखूड. कोपऱ्यावरून दूध आणावयाचे, मंडईत जाऊन यावयाचे. सेल्फने जेवढे काढून घेतले तेवढे परत भरण्यापूर्वीच इंजिन बंद. अशा गाडीस आठवड्यातून एकदा तरी कात्रजच्या घाटापलीकडे हिंडवून आणावे. घटालाही बरे आणि मालकालाही.

हल्ली विजेवरच्याच मोटारी आल्या आहेत आणि त्यांत लिथियमचे घट असतात. त्यांची तऱ्हा निराळी. त्यांतला द्रव पाण्याचा नसल्याने आपल्याकडच्या थंडीत तो गोठत नाही. पण शून्याखाली त्यांना वीज भरू गेल्यास आत लिथियम धातूचाच लेप चढतो आणि घट कायमचा बिघडतो. म्हणून चांगल्या गाडीत भरण्यापूर्वी घट ऊन करण्याची योजना असते. नॉर्वेसारख्या थंड देशात अशा गाड्या सर्रास चालतात, मात्र हिवाळ्यात एका भरण्यात त्या कमी पल्ला जातात. पुण्यातल्या केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियमच्या घटाचे तंत्र जाहीर केले. त्यात पुण्याच्या आयसर या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा हात आहे, आणि थंडीत तो घट अधिक तग धरील असे सांगितले जाते. मिठातल्या धातूवर मोटार चालणार हे ऐकून प्लांतेला काय वाटले असते कोण जाणे.

माझा विद्यार्थी निवृत्त होऊन पुण्यास परतला आहे. त्याचे घर आमच्यापासून फार लांब नाही. गेल्या पौषात सकाळी त्याच्याकडे गेलो, तो दाराशी जुनी जीप उभी आणि तिचे झाकण उघडे. घट स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, फळीवर ठेवलेला. बाहेर बारा अंश उष्णता होती. ‘अहो, सर आले आहेत, आता तरी ते धूड बाहेर न्या,’ असे त्याची पत्नी आतून म्हणाली. त्याने हायड्रोमीटर माझ्या हाती दिला आणि म्हणाला, ‘सर, आधी तुम्ही बघा.’ मी चष्मा पुसून पाहिले. सहाही खणांत १.२६५ होते.